बूट उतरणार नाहीत

सिफावच्या दुकानात बसून मी बातम्या सांगायचो.
नफूसाच्या त्या कड्यावर इंग्रजी येणारा
मी एकटाच उरलो होतो,
दुसरा मास्तर कधीच सीमेपलीकडे गेलेला.

रेडिओत दूरच्या राजधानीतला माणूस बोलायचा.
आवाज स्वच्छ. खोकला नाही, घाई नाही.
‘आज तरी कोणतीच शक्यता नाकारता येत नाही,’ तो म्हणाला.
मी ते आमच्या भाषेत आणून ठेवलं
आणि माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली
पुढचं वाक्य येईल म्हणून.

पुढचं वाक्य नव्हतंच.

म्हातारा यद्दर म्हणाला, म्हणजे येतायत.
त्याचा थोरला वेढ्यात अडकलेला.
शाबान म्हणाला, म्हणजे येत नाहीत.
त्याचा भाऊ खालच्या मैदानात, सरकारी फौजेत,
आमच्यावर रोखलेल्या तोफांपैकी एकीपाशी.
त्या दिवशी दोघांनीही मला चहा पाजला.

मी खोटं बोललो नव्हतो.
‘योग्य ती पावलं उचलली जातील.’
वाक्याला कर्म होतं, क्रियापद होतं,
कर्ता कुठे दडून बसलाय तेवढं दिसेना.
व्याकरण शिकवण्यात माझी अठरा वर्षं गेली,
आणि पाऊल म्हटलं की सिफाव मान वर करायचा,
त्याचा तो धंदाच.

मग एका संध्याकाळी आलं:
‘आमचे बूट त्या जमिनीवर उतरणार नाहीत.’
हे मात्र सगळ्यांना कळलं.
सिफावने तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले.
मग काय, म्हणाला, अनवाणी येणार?
हसलो आम्ही. कितीतरी दिवसांनी.
शाबानसुद्धा.

तिसऱ्या रात्री विमानं आली.
विमानांना पाय नसतात. वाक्य खरं निघालं.
पहाटे मैदान गप्प होतं, यद्दर रस्त्यात नाचत होता,
समोरच्या दारात शाबान दिसला
तसे त्याचे हात वरच राहिले.
भावाचा पट्टा मिळाला. बाकी विचारू नका.
पट्टा सिफावनेच शिवलेला, टाका त्याने ओळखला.
दुपारी रेडिओ म्हणाला, ‘अपेक्षित परिणाम साधण्यात आला आहे.’
त्याचं भाषांतर कर, असं कुणी मला म्हणालं नाही.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत चौघे दुकानात शिरले.
साधे कपडे, उन्हाने सोललेले कान.
एकाने बूट पुढे केला, तळवा सुटलाय,
संध्याकाळपर्यंत होईल का?
सिफावने बूट उलटा केला, सुलटा केला, आत बोट घातलं.
आतली पट्टी ब्लेडने काढलेली, अगदी नीट,
कंपनी नाही, देश नाही.
नंबर तेवढा राहून गेला होता. चव्वेचाळीस.
टाचेच्या खाचेत आमचीच लाल माती.

विचार त्याला, सिफाव मला म्हणाला, तुम्ही कोण?
मी विचारलं.
‘सल्लागार,’ तो म्हणाला. मग जरा थांबून,
‘म्हणजे तसं पाहिलं तर आम्ही इथे नाही.’

शब्दाला शब्द लावून मी ते सांगितलं.
सिफावने मेणाचा दोरा ओढला
आणि इथे नसलेल्या माणसाचा बूट
इथल्या माणसाचा शिवावा तसाच शिवला, दुहेरी टाक्याने.
पैसे मात्र आगाऊ घेतले.

त्यांचे पुढेही जोड येत राहिले.
एक न्यायला कुणीच आलं नाही.
वाट पाहून सिफावने तो वरच्या फळीवर ठेवला.
राजधानीतला माणूस अजून बोलतो,
आता दुसऱ्याच कुठल्या डोंगराबद्दल,
तोच आवाज, तेच नाकारता न येणं.
मी आवाज कमी करतो.

शाबान अजूनही येतो. बोलत नाही, बसतो.
त्याची सावली दारात पडली
की सिफाव उठतो
आणि फळीवरच्या बुटांवर फडकं टाकतो.